भवानी

“भवानी झाली का?”

वहिनींनी हे विचारलं तेव्हा मी त्यांना लॅपटॉपवर एक आलेख दाखवत होतो. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर मी माझं सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं होतं आणि त्याला आता तीन आठवडे झाले होते. आलेखातली निळी रेघ पाडव्याला ताडकन वर गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी खाली येऊन जमिनीला लागून आडवी पडली होती. मी वर गेलेल्या भागावर बोट ठेवून बोलत होतो. वहिनी आडव्या भागाकडे बघत होत्या.

“भवानी म्हणजे?”

“एकाने तरी पैसे दिले का?”

“अजून फुकटच ठेवलंय. आधी वापरणारे वाढू देत, मग पैशांचं बघू.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. वहिनी कराडला सोळा वर्षं एलआयसीच्या एजंट आहेत. त्यांच्या ‘बरं’मध्ये समोरच्याचं वय, पगार आणि तो किती दिवसांत सही करेल याचा अंदाज असतो.

आता थोडी पार्श्वभूमी. मी हिंजवडीत एका कंपनीत प्रोग्रामर आहे. पुतण्या, म्हणजे वहिनींचा मुलगा, कर्वेनगरला इंजिनिअरिंग शिकतो, तिथेच खोली घेऊन राहतो आणि मेसमध्ये जेवतो. मेसचं कार्ड ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर साठ चौकोन, म्हणजे तीस दिवस दोन वेळा. जेवलात की काकू एका चौकोनावर फुली मारतात. गावी गेलात तर तो खाडा. खाडा आदल्या दिवशी सांगायचा आणि सलग तीन दिवसांचा असेल तरच तो धरायचा. धरला तर कार्डाची मुदत तितके दिवस पुढे सरकते. पुतण्या सांगायला विसरायचा आणि मग माझ्याकडे येऊन कुरकुरायचा. त्या कुरकुरीतून मला कल्पना सुचली. रात्री आणि शनिवार-रविवार धरून आठ महिने खपलो. विद्यार्थ्याने फोनवर एक बटण दाबायचं, खाडा नोंदला जाणार, मुदत आपोआप पुढे जाणार, मेसमालकाला महिन्याचा हिशेब तयार. मराठीत, इंग्रजीत, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून काळ्या पडद्यावरसुद्धा. (सॉफ्टवेअरचं नाव इथे सांगत नाही, जाहिरात होईल.)

पाडव्यापासून एकतीस जणांनी नोंदणी केली होती. त्यातले चोवीस माझ्यासारखेच प्रोग्रामर, “मस्त झालंय” म्हणून निघून गेलेले. चार विद्यार्थी. मेसमालक तीन; त्यांतल्या दोघांनी एकदाच उघडून बघितलं आणि तिसरे आमच्या सोसायटीच्या वॉचमनचे मेहुणे.

“भावोजी, एक सांगा,” वहिनी म्हणाल्या. “पोराचे खाडे धरले गेले तर माझे महिन्याला तीन-चारशे वाचतील. ते कुणाच्या खिशातून जाणार?”

“मेसवाल्या काकूंच्या.”

“आणि हे तुम्ही विकणार कुणाला?”

मी लॅपटॉप मिटला. आठ महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण विचारणारे सगळे जेवणारे होते, वाढणारं कुणीच नव्हतं.

पण मी सहज हार मानणारा माणूस नाही. म्हणालो, “हिशेब चोख असला की मुलांचा विश्वास बसतो. विश्वास बसला की गिऱ्हाईक वाढतं.”

“त्या बाईकडे जुलैत कार्ड मिळावं म्हणून मी तीन फोन केले होते. तिला गिऱ्हाईक वाढवून बसवायचं कुठे?”

“वहिनी, माल चांगला असला की तो विकला जातो. वेळ लागतो एवढंच. कैलास काटकर घ्या. तुमच्याच सातारा जिल्ह्यातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटा भाऊ संजय, त्याने व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं. १९९५ मध्ये ते क्विक हील म्हणून बाजारात आलं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. माल चांगला होता म्हणूनच ना?”

“दुकान आधी का सॉफ्टवेअर आधी?”

“दुकान.”

“दुकानात काय यायचं?”

“आधी कॅल्क्युलेटर. मग बिघडलेले कॉम्प्युटर.”

“म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन कॉम्प्युटर उचलून आणायचं, वर दुरुस्तीचे पैसे द्यायचं, आणि व्हायरस गेला का नाही ते काउंटरसमोर उभं राहून बघायचं. असं दुकान असेल तर मी पण लिहीन सॉफ्टवेअर.”

टॅलीचं उदाहरण माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. कारण तिथेही तेच झालं असतं. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलाने, भारत यांनी, ते लिहून दिलं. त्यातून १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. पहिलं गिऱ्हाईक घरातच बसलेलं, तेही वडील. अशी उदाहरणं दोन्ही बाजूंनी वाजतात. मी त्यातून ‘माल चांगला’ ऐकतो, वहिनी ‘गिऱ्हाईक आधीच समोर’ ऐकतात.

मग मी दुसरीकडून गेलो. “तुमचं वेगळं आहे. तुम्ही पॉलिसी विकता तेव्हा तुमच्यामागे १९५६ पासूनचं महामंडळ असतं. कायद्यातल्या ३७ व्या कलमाने केंद्र सरकारची हमी आहे. माझ्यामागे कोण? एक लॅपटॉप, त्याचीही वॉरंटी संपलेली.”

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

“पहिल्या वर्षी माझ्या अकरा पॉलिसी झाल्या. सगळ्या नात्यातल्या. भाऊ, चुलत भाऊ, शेजारीण, तिची जाऊ. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातल्या पाच लॅप्स. हप्ता मागायला गेले की लोक चहा द्यायचे, हप्ता नाही. त्यांनी पॉलिसी घेतली नव्हती, माझी हौस केली होती. तुमचे ते चोवीस प्रोग्रामर म्हणजे माझा चुलत भाऊ.”

“मग खरी पहिली कुठली?”

“झेरॉक्सवाला. मी रोज फॉर्मच्या झेरॉक्स काढायला जायचे, तर एक दिवस त्यानेच विचारलं, मॅडम, हे रोज कसले कागद? मी सांगितलं. तेव्हा जीवन आनंद जोरात होती, १४९ नंबर. सगळं ऐकून घेतलं त्याने. परतावा नाही विचारला, सरकारची हमी नाही विचारली. म्हणाला, मी मेलो तर चेक घेऊन माझ्या घरी कोण येईल? मी म्हटलं, मी येईन. तेवढ्यावर सही केली. अजून त्याचा एक हप्ता चुकला नाही. आणि घर कशावर चालतं माहीत आहे? पहिल्या वर्षाचं कमिशन गोड असतं, ते लग्नकार्यात उडतं. घर चालतं ते पुढच्या वर्षांच्या पाच टक्क्यांवर. ते पाच टक्के चुलत भाऊ देत नाही, झेरॉक्सवाला देतो.”

आमच्या धंद्यात याला मोठमोठी नावं आहेत आणि त्यावर परिषदा भरतात. मी गप्प ऐकत होतो.

खरं तर हे मला नवीन नव्हतं, हीच शरमेची गोष्ट. पॉल ग्रॅहम यांचा २०१३ मधला एक निबंध आमच्याकडे पोथीसारखा वाचला जातो. सुरुवातीला एकेक गिऱ्हाईक हाताने आणा, पुढे ते परवडणार नाही हे माहीत असूनही आणा, असं त्याचं सार. त्यात स्ट्राइप कंपनीच्या कॉलिसन बंधूंचा किस्सा आहे: समोरचा नुसतं “बघतो वापरून” म्हणाला की इतर लोक त्याला लिंक पाठवून द्यायचे, हे दोघे म्हणायचे, “द्या तुमचा लॅपटॉप,” आणि तिथल्या तिथे जोडणी करून टाकायचे. हा किस्सा मी ऑफिसात नव्या पोरांना किती वेळा सांगितला असेल! सांगताना माझं वजनही वाढतं. पण माझ्या वाकडच्या घरापासून कर्वेनगर, जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, तिथे मात्र मी आठ महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो.

“शंभर मेस झाल्या तर शंभर ठिकाणी हिंडू का?”

“शंभर झाल्यावर रडा. आज शून्य आहेत. गाडी काढा.”

“ऑफिसात कळलं तर?” ही माझी शेवटची ढाल, पण खोटी नव्हे. २०२२ मध्ये विप्रोने जोडधंद्यावरून तीनशे जणांना घरी पाठवलं होतं, तेव्हापासून आमच्याकडे हा विषय कुजबुजत बोलतात.

“आमच्याकडे कित्येक साहेबांच्या एजन्सी बायकोच्या नावावर आहेत,” वहिनी चपला घालता घालता म्हणाल्या. नेमणुकीच्या करारात नोकरीत लिहिलेल्या कोडच्या मालकीचं कलम असतं, ते बायकोच्या नावाने सुटत नाही, हे मी त्यांना गाडीत समजावून सांगितलं. माझा करार मी सुरुवातीलाच वाचला होता, कोड घरच्या लॅपटॉपवर घरच्या वेळेत लिहिला होता. वहिनींना त्यात रस नव्हता. त्या फोनवर कुणाच्या तरी ग्रेस पिरियडच्या मागे लागल्या होत्या.

रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद, त्यामुळे चारला काकू मोकळ्या होत्या. मोकळ्या म्हणजे पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मागे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत कार्डं, महिन्यावार, रबर लावून. मी खिशातून फोन काढला, स्क्रीन उजळली, आणि वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की फोन परत खिशात गेला. त्या काकूंसमोर बसल्या, टोपलीतला एक गड्डा उचलला आणि सोलायला लागल्या.

“आज चपात्या किती उरल्या?”

“आज नाही हो, आज फीस्ट. पण शुक्रवारी दीडशे. कुणाचा तरी वाढदिवस होता, पोरं परस्पर बाहेर जेवली. मला कसं कळणार? साडेचारला कणीक भिजते. एकशे दहा पानं, पानाला पाच धरल्या तर साडेपाचशे. किलोला चाळीस, म्हणजे चौदा किलो. लाटणाऱ्या बाया किलोवर पैसे घेतात, उरल्या तरी त्यांना द्यायचेच.”

“ग्रुपवर विचारत नाही?”

“विचारते की. तीस जण सांगतात. बाकीचे वाचतात आणि गप्प बसतात.”

मला राहवलं नाही. खाड्याचं सांगितलंच. काकू हसल्या.

“ते नको बाबा. खाडा सांगायला पोरं विसरतात म्हणून तर रविवारची बासुंदी परवडते.”

एवढी एकच ओळ. माझ्या सॉफ्टवेअरचं काम काय होतं, तर पोरांना विसरू न देणं. म्हणजे मी आठ महिने खपून बासुंदी बंद करायचं यंत्र बनवलं होतं आणि ते बासुंदी करणारीलाच विकायला निघालो होतो. आणि असंही म्हणता येणार नाही की काकू लबाड आहेत. विसरलेल्या खाड्यांची बासुंदी तीच पोरं खातात.

“रोज चार वाजता रात्रीची पानं किती, तो आकडा मिळाला तर?” मी विचारलं.

काकूंचे हात थांबले. “नक्की आकडा?”

“पाच-सहा इकडेतिकडे.”

“एक आठवडा देऊन बघा. मग बोलू.”

परतताना गाडीत आमचं जे भांडण झालं ते मला त्या भेटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मी म्हणालो, “मी बनवलं एक आणि त्यांना हवं भलतंच. हा तर व्हॉट्सॲपचा निरोप झाला. उद्या दुसरी मेसवाली म्हणेल पाहुण्यांची कुपनं हवीत, तिसरी म्हणेल उपवासाचं वेगळं ताट. बारा वर्षं बघतोय मी, वहिनी. एकेका गिऱ्हाइकाची हौस पुरवत गेलं की सॉफ्टवेअरची गोधडी होते. कुठला तुकडा कशाला लावला ते लावणाऱ्यालाही आठवत नाही, आणि एका जागी उसवलं की दहा जागी उसवतं.”

“खरं आहे,” त्या म्हणाल्या, आणि मी दचकलो. “मला जीवन आनंदमधलं एक अक्षर बदलता येत नाही. छापील टेबल आहे. लोक मागतात, हे काढा, ते घाला. मी ऐकून घेते आणि आहे त्यातलं जे बसेल ते सांगते, नाही बसलं तर नमस्कार. तुम्हाला बदलता येतं, हाच तुमचा घोटाळा.”

“मग आज काय केलं आपण? बदललंच ना?”

“आज कुठे बदललं? आज पहिल्यांदा विचारलं.”

मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. एका मेसला विचारून सापडलेली गोष्ट दुसऱ्या मेसला लागू पडेल याची खात्री काय? पहिलं गिऱ्हाईक जितकं प्रेमळ तितकं ते तुम्हाला आपल्या घरच्या वाटेला ओढतं. वहिनींचं म्हणणं, आधी घरात तरी शिरा.

एका मुद्द्यावर मात्र मी जिंकलो. वहिनींचा ठाम दावा होता की मेसचं सॉफ्टवेअर पाडव्याला काढणं हाच गाढवपणा. कार्डं जुलैत निघतात, विमा मार्चमध्ये खपतो, ज्याचा त्याचा हंगाम असतो. पण चार वाजताच्या आकड्याचा हंगाम नेमका एप्रिल-मे निघाला. सबमिशन, परीक्षेआधीची सुट्टी, कुणी गावी, कुणी रात्रभर जागून दुपारी झोपलेलं. पानं रोज वरखाली. जुलैत सगळे येतात, तेव्हा आकडा कुणाला हवा?

“असेल,” वहिनी म्हणाल्या. “पण फुकट देऊ नका. मी दर डिसेंबरला दीडशे कॅलेंडरं वाटते. ती भिंतीवर लागतात. त्यातल्या एकाने तरी कॅलेंडर बघून पॉलिसी घेतली का?”

मी महिना नव्व्याण्णव रुपये, तेही खात्यातून आपोआप वळते होणारे, असं मनात धरलं होतं. वहिनींनी शुक्रवारच्या दीडशे चपात्यांचा हिशेब केला: पावणेचार किलो कणीक, लाटणावळ, तेल, गॅस. “महिन्यात दोन शुक्रवार वाचले तर पाचशेला बाई नाही म्हणणार नाही. आणि आपोआप वळते नको. हातात घ्या. हातात घ्यायला गेलात की कळतं, द्यायची इच्छा आहे का नाही.”

वहिनी दुसऱ्या दिवशी कराडला गेल्या. माझा आठवडा सुरू झाला. सॉफ्टवेअर बाजूलाच राहिलं. सॉफ्टवेअर मीच होतो. दुपारी दोनला काकूंच्या ग्रुपवर जेवणार का, जेवणार नाही, असं मतदान टाकायचो. जे उत्तर देत त्यांची मोजणी. जे देत नसत त्यांच्यासाठी मागच्या फुल्या बघायचो. काकू रोज रात्री कार्डांचे फोटो पाठवत. शनिवारी रात्री कोण हमखास नसतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी कोण लवकर येऊन जेवतो, हे चार दिवसांत मला पाठ झालं. सोमवारी माझा आकडा चौदाने चुकला. मंगळवारी नऊने. गुरुवारी तीनने. शुक्रवारी काकूंचा फक्त अंगठा आला. मराठी मेसमालकिणीच्या अंगठ्याचं मोल किती, ते मी तेव्हा शिकलो.

नवव्या दिवशी साडेतीनला ऑफिसात मीटिंग लागली आणि लांबली. चार वाजून वीस मिनिटांनी फोन बघितला तर काकूंचे तीन मिस्ड कॉल. जिन्यात जाऊन लावला.

“अहो, आकडा? बाया परात मांडून बसल्यात.”

त्या रागावल्या होत्या. मला आनंद आवरेना. आठ महिन्यांत जे बनवलं ते बंद पडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि इथे वीस मिनिटं उशीर झाला तर एक बाई तीनदा फोन करते. जिन्यातच उभा राहून अंदाजाने सांगितलं, एकाहत्तर. जेवले अडुसष्ट.

रविवारी गेलो. काकूंनी स्टीलच्या डब्यातून पाचशेची नोट काढली. घ्यावी कशी, एका हाताने की दोन्ही, हेही सुचेना. दारातूनच वहिनींना फोन लावला.

“भवानी झाली.”

“पावती दिलीत?”

महिन्याचे आलेख होते, दोन भाषा होत्या, काळा पडदा होता. पावती नव्हती, ती लिहायचं डोक्यातच आलं नव्हतं. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं आणि पाटाशेजारी बसून पावती क्रमांक १ लिहायला घेतली. नाव, तारीख, अक्षरी रुपये पाचशे फक्त. पुढे ‘कशाबद्दल’ असा रकाना होता. तिथे काय लिहावं कळेना. पेन अडलेलं पाहून काकू म्हणाल्या, “चपात्या लिहा.”